ओढ्याला पाणी होतं

सोमवार, ९ तारीख, संध्याकाळ

धाकटे,

तुझी मुलगी माझ्याकडे आली आहे. तुला सांगून आली असेल तर प्रश्नच नाही. न सांगता आली असेल तर घाबरू नकोस, धडधाकट आहे. तीन जळवा लागल्या, पण पोरीने हूं की चूं केलं नाही. बावीस वर्षांनी पत्र लिहायला बसले आणि सुरुवात जळवांपासून केली. तू म्हणशील, ताई काही सुधारली नाही.

ती आली ती पाहुणी म्हणून. चार जणांचं बुकिंग होतं, एका दिवसाची पक्षी बघायची फेरी. बाकीचे तिघे दुसऱ्या गाईडबरोबर नदीच्या वाटेने जायचे होते. ही म्हणाली, मला लपणातच बसायचंय. मी माझं नेहमीचं भाषण ठोकलं. कापडाची खोली, दोन माणसांपुरती. बोलायचं नाही, शिंकायचं नाही, पाणी घोटघोट प्यायचं कारण जायला जागा नाही, आणि न्यायला येईपर्यंत उठायचं नाही. ती म्हणाली, "माहीत आहे." मला वाटलं, वाचलं असेल कुठेतरी.

लपण आता हिरव्या ताडपत्रीचं केलंय, पण जागा तीच आणि रीतही तीच. आप्पा म्हणायचे ना, पाखराला मोजता येत नाही. तिघांनी लपणाशी जायचं, दोघांनी आत शिरायचं आणि एकाने मोठमोठ्याने बोलत परत फिरायचं. नवरंगाला वाटतं, ब्याद गेली, आणि मादी निवांत अंड्यांवर येऊन बसते. बाहेर पडतानाही तसंच. बाहेरून कोणीतरी खाकरत यावं लागतं, पाखरू त्याला बघून दूर सरकतं, मग सगळ्यांनी मिळून निघायचं. आतून कापड सारून एकदम कोणी उभं राहिलं तर ते घरटं कायमचं टाकून देतं. म्हणजे आत बसलेल्या माणसाची सुटका न्यायला येणाऱ्याच्या हाती. हे सगळं तुला सांगायची गरज नाही, पण मुलगी हे पत्र वाचणार आहे असं मला वाटतं. माझ्या भाचीला मी एका दिवसातच ओळखलं आहे.

सहाला ड्रायव्हरतात्या आम्हाला सोडून गेले. अकराला न्यायला यायचे होते. तासाभराने मादी आली, बसली. मी पोरीला खूण केली, बघ. तिने दुर्बीण लावली, नीट बघितलं, आणि मग खिशातून छोटी वही काढून काहीतरी लिहून माझ्यापुढे धरली. मला वाटलं, पक्ष्याबद्दल काही विचारतेय. वहीत लिहिलं होतं, "मी तुमच्या धाकट्या बहिणीची मुलगी."

धाकटे, मी ओरडूही शकले नाही आणि तिला जवळही घेऊ शकले नाही. नुसती बसून राहिले. समोर दहा हातांवर नवरंग, बाजूला तू विशीत दिसायचीस तशीच हनुवटी. तिने वही परत घेतली आणि लिहिलं, "इथून तुला उठून जाता येत नाही, म्हणून इथे विचारते. त्या दिवशी ओढ्याला पाणी होतं का?"

कोणाचं डोकं आहे हे कळायला मला वेळ लागला नाही.

मी लिहिलं, "होतं. कमरेएवढं." तिने ते पान फाडून घडी घालून खिशात ठेवलं. तेव्हा साडेसात वाजले होते. अकरा वाजले, बारा वाजले, तात्यांचा पत्ता नाही. त्यांची गाडी चिखलात रुतली होती, हे मागाहून कळलं. माझा डावा गुडघा हल्ली तासाभरातच कुरकुरतो. बारानंतर तो मला शिव्या देत होता. घाम डोळ्यांत जात होता आणि पुसायला हात उचलायचा म्हणजे इंचाइंचाने. पोरगी शांत. अधूनमधून माझ्याकडे बघायची, घरट्याकडे बघायची तशीच, पापणी न हलवता. तीनला तात्या खाकरत आले तेव्हा मला रडू आलं. त्यांना वाटलं, गुडघ्यामुळे.

नऊ तास झाले होते. तू त्या दिवशी दहा तास होतीस.

ती शुक्रवारपर्यंत राहते म्हणते. जाताना पत्र देईन तिच्याकडे. आणि ओढ्याला पाणी होतंच. वर डोंगरात पाऊस झाला की खाली लख्ख ऊन असतानाही ओढा फुगतो आणि दोन तासांत ओसरतो, हे मी तुला शिकवायला नको. तू चारला आलीस तेव्हा दगड कोरडे दिसले ते त्यामुळे. आप्पांच्या शेवटच्या दिवशी मी एकटी होते, तात्या डॉक्टरांना आणायला गेले होते, तू फोटोवाल्याबरोबर लपणात. तुला न्यायला मी काय उडत येणार होते?

ताई

बुधवार, ११ तारीख, दुपार

धाकटे,

वरचं पत्र फाडून टाकणार होते. नाही फाडलं, पुढे लिहिते.

तुझ्या लेकीला मी तुझ्या खोलीत झोपायला दिलं आहे. खोलीत आता गमबूट, छत्र्या आणि दुर्बिणींचं कपाट आहे. भिंगांना बुरशी लागू नये म्हणून कपाटात सतत एक दिवा जळत असतो. मी म्हटलं, उजेडाचा त्रास होईल, दुसरीकडे झोप. ती म्हणाली, "आईपण दिवा लावूनच झोपते." तुला अंधाराची भीती कधीपासून वाटायला लागली? इथे असताना तर रात्री एकटी दारात बसून घुबडं ऐकायचीस.

आज सकाळी सगळे जेवणघरात होतो. मी आपली बुटांमधला चिखल काढत होते. पोरगी तात्यांना चहा देता देता सहज विचारते, "तात्या, आजोबा गेले त्या दिवशी डॉक्टरांना तुम्हीच आणलंत ना? ओढा कसा ओलांडलात?"

"कसा म्हणजे? चालत," तात्या म्हणाले. "डॉक्टरांचे बूट कोरे करकरीत होते, मला अजून आठवतंय. म्हटलं, काढा. तर म्हणाले, कशाला काढू, पाणी कुठाय?"

"किती वाजता?"

"आलो दोनला. सकाळी गेलो तेव्हाही ठणठणीत कोरडा होता. त्या वर्षी पावसाने ओढच दिली होती. होय की नाही, ताईबाई?"

मी बुटाच्या तळव्यात काडी घालून बसले. पोरीने खिशातून ती घडी काढली, टेबलावर ठेवली आणि बशीखाली सरकवून दिली. तात्या सरळ माणूस, त्यांनी तिसरी पोळी मागितली.

ठीक आहे. ओढ्याला पाणी नव्हतं. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, हे मी बावीस वर्षं केलं. तू त्या दिवशी म्हणालीस, "ताई, दगडांवर धूळ आहे," आणि मी तुझ्यावरच ओरडले की आप्पा घरात पडलेत आणि तुला दगड सुचतायत. तो ओरडा खोटा होता, कारण तुझं खरं होतं.

पण का आले नाही ते तरी ऐक. आप्पा त्या फोटोची सात वर्षं वाट बघत होते. तो फोटोवाला सहा विमानं बदलून आला होता. अंडी दोन दिवसांत फुटायची होती. पाहुण्याला लपणात एकटं सोडायचं नाही हा आप्पांचाच नियम, एकटा पाहुणा हमखास खोकतो. तुला बाहेर काढलं असतं तर त्यालाही काढावं लागलं असतं, फोटो गेला असता, आणि फोटो गेला असता तर आप्पांनी मला कधी माफ केलं नसतं. मी ते त्यांच्यासाठी केलं. एवढं तरी समजून घे.

गुरुवार, १२ तारीख, सकाळ

तुझ्या मुलीला गणित कोणी शिकवलं?

काल संध्याकाळी पायऱ्यांवर बसलो होतो. मी तिला ते सगळं सांगितलं, फोटो, सात वर्षं, नियम. वाटलं, पटेल. ती पायाला जळवांचं मीठ चोळत ऐकत होती. मग म्हणाली, "मावशी, पण पाखराला मोजता येत नाही ना?"

"नाही."

"मग तू आत जाऊन बसायचं आणि आईला बाहेर पाठवायचं. आत दोघं ते दोघंच. पाहुणाही एकटा नाही, फोटोही गेला नसता. आई अर्ध्या तासात घरी."

मी म्हटलं, "तुला काय कळतंय त्यातलं." ती म्हणाली, "बरं." आणि मीठ चोळत राहिली. तुझ्यासारखी भांडत तरी नाही ग, भांडली असती तर बरं वाटलं असतं.

रात्रभर मी तिच्यावर चिडले होते. सकाळी उठल्यावर चिडायला काही उरलं नव्हतं.

हो. अदलाबदल करता आली असती. मला ती त्याच दिवशी सुचली होती. साडेनऊला आप्पांचा श्वास बदलला, तेव्हाच सुचली. मी चपला घालून ओढ्यापर्यंत आले होते. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. कोरड्या दगडांवर उभी राहिले आणि मनात आलं, आता मी लपणात जाऊन बसणार, त्या कापडात, एका परक्या माणसाच्या शेजारी, मूग गिळून. तू घरी जाणार. आप्पा तुझ्या हातात जाणार. आणि मला न्यायला कोण येणार, कधी येणार? तू रडत बसशील, विसरशील. मी आत अडकून पडेन आणि मला कळणारही नाही की ते गेले. पक्षी समोर बसलेला आणि मी त्याच्याकडे बघते आहे, आणि घरात सगळं संपलंय.

मी परत फिरले.

म्हणजे जे मला सोसलं नसतं ते मी तुझ्यावर घातलं. मला ठाऊक होतं तिथे काय वाटेल, म्हणूनच घातलं. साडेबाराला ते गेले. तुला न्यायला मी चारला आले. साडेबारा ते चार मी काय करत होते, असं तू तेव्हाही विचारलं नाहीस. मी त्यांच्या शेजारी बसले होते. दोनला डॉक्टर आले, नाडी बघून बाहेर जाऊन उभे राहिले, आणि तरीही मी उठले नाही. तू आलीस की ते सगळ्यांचे होणार होते.

सोमवारी लपणात पोरीने ते पान खिशात घातलं, त्यानंतर मला पहिल्यांदा कळलं तुला काय झालं असेल. तात्या येईनात. अकरानंतर प्रत्येक पान हललं की वाटायचं, आले. मग वाटायला लागलं, काहीतरी वाईट झालंय. मग वाटलं, मला विसरलेत. उठावं तर अंडी. बसावं तर जीव जातोय. मी चौपन्न वर्षांची बाई, तीस वर्षं हेच काम करते, आणि मला वाटत होतं की आता ताडपत्री फाडावी. तू अठ्ठावीसची होतीस आणि तू बसून राहिलीस, कारण ताई न्यायला येणार होती.

त्या माणसाला फोटो मिळाला. जेवणघरात लावला आहे. पाहुणे त्याच्यासमोर उभे राहून आपले फोटो काढतात. मी त्या भिंतीकडे पाठ करून जेवते.

शुक्रवार, १३ तारीख, सकाळ

तात्या दहाला निघतायत. पोरगी बॅग भरून पायरीवर बसली आहे. मी म्हटलं, दोन ओळी राहिल्यात. ती म्हणाली, "मावशी, तुझ्या दोन ओळी मला माहीत झाल्यात आता."

काल जेवताना मी तिला सरळच विचारलं, तू आलीस कशाला? आईने पाठवलं का? म्हणाली, नाही, आईला वाटतंय मी कॉलेजच्या सहलीला गेलेय. मग ताटातलं बाजूला सारून म्हणाली, "आई दर वर्षी त्या दिवशी खोलीचं दार लावून बसते. जेवत नाही. बाबांनाही आत येऊ देत नाही. गेल्या वर्षी मी दाराबाहेर बसून विचारलं, नेमकं काय झालं होतं? तर म्हणाली, ओढ्याचं सोड, ताई खोटं बोलली ते मी केव्हाच गिळलं. पण आजोबांनी मरताना एकच गोष्ट मागितली होती माझ्याकडे आणि मी ती मोडून निघून आले. म्हणून आपण तिकडे जात नाही. कुठल्या तोंडाने जाणार?"

धाकटे, मला इतकी वर्षं वाटत होतं की तू माझ्या रागाने येत नाहीस. त्या रागाची मला सवय झाली होती. तुझा राग आहे म्हणजे चूक तेवढीच आहे, न्यायला आले नाही एवढीच, असं मी धरून चालले होते. तू दार लावून बसतेस हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर लिहिलं असतं का, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पोरगी समोर बसली होती आणि मी पाण्याचा पेला उचलला तो खाली ठेवता येईना. तिने तो माझ्या हातातून काढून घेतला.

आता ऐक. हे मी एका दमात लिहिते, नाहीतर पुन्हा काहीतरी आड आणीन.

त्या दिवशी तू लपणात गेल्यापासून आप्पांना दिसत नव्हतं. डोळे उघडे होते, पण मी समोर गेले तरी ते दाराकडेच बघायचे. दहापासून ते विचारत होते, "धाकटी आली का?" मी म्हणायचे, येते आहे, आप्पा. थोड्या वेळाने पुन्हा तेच. चार वेळा. मी त्यांचं तोंड पुसत होते, पाणी देत होते, उशी सारखी करत होते, आणि माझं नाव एकदाही नाही. पाचव्यांदा त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "आले, आप्पा."

आपले आवाज किती सारखे होते तुला माहीत आहे. फोनवर पाहुणे नेहमी फसायचे.

त्यांनी माझा हात चाचपून घट्ट धरला. म्हणाले, "तू जा बाळा. मी गेलो की इथे थांबू नकोस. जंगल काही कोणाचं होत नाही, माझंही झालं नाही. ताईला वाईट वाटेल, पण ती राहील, तिची काळजी करू नको. ती कुठे जायची नाही. तू मात्र जा. जाशील ना?"

मी "हो" म्हटलं. तुझ्या आवाजात म्हटलं. मग ते काही बोलले नाहीत.

"ती कुठे जायची नाही." हे त्यांनी भरवशाने म्हटलं की कीव येऊन, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. कधी पाहुण्यांना वाट दाखवताना मध्येच आठवतं आणि मी कुठलं झाड दाखवत होते ते विसरते. माझ्यासाठी निरोप नव्हता. होता तो तुझा, आणि तो मी चोरला. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. महिन्याने तू बॅग भरलीस आणि मला दिसलं की त्यांनी म्हटल्याप्रमाणे होणार, तू जाणार आणि मी राहणार. आणि मी दार अडवून उभी राहिले आणि म्हटलं, "आप्पांची शेवटची इच्छा होती, धाकटीने इथून जाऊ नये. माझा हात धरून सांगितलंय त्यांनी." हात धरला होता एवढं खरं. बाकीचं मी तिथल्या तिथे रचलं. तुझं तोंड पांढरं पडलं, ते मी बघितलं, आणि तरीही परत घेतलं नाही. मला वाटलं, आता राहशील. तू मला बाजूला सारून गेलीस.

तात्या हॉर्न वाजवतायत. पोरीने पायरीवरून उठून बॅग पाठीला लावली. मला माफ कर असं मी लिहीत नाही, तो तुझा प्रश्न. ये असंही म्हणत नाही. फक्त हे पत्र पुरतं वाच आणि त्या दिवशी दार उघडं ठेवून जेव.

तू त्यांचा शब्द मोडला नाहीस, धाकटे. त्यांनी जा म्हटलं होतं आणि तू गेलीस.

ताई